'निःस्वार्थ', 'निरपेक्ष', 'निष्काम', 'निरलस' : मानपत्रात नेमका कोणता शब्द लिहावा?

देवघेव

नमस्कार. आमच्या गावी 'ब' वर्गाचे एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथे एकतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केलेले गृहस्थ पुढील महिन्यात निवृत्त होत असून त्यांना द्यावयाच्या मानपत्राचा मसुदा तयार करण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. मसुद्याच्या पहिल्याच वाक्यात मी 'आपण केलेली निःस्वार्थ सेवा' असे लिहिले आणि परवाच्या बैठकीतील पाऊण तास त्या एका शब्दावर खर्च झाला.

खजिनदारांचा आक्षेप असा, की ग्रंथपालांना दरमहा वेतन मिळत होते; ते अगदी तुटपुंजे होते आणि अनुदान लांबले की चार-चार महिने मिळत नसे हे खरे, पण मिळत होते, तेव्हा सेवेला निःस्वार्थ कसे म्हणता येईल? एका निवृत्त शिक्षकांनी 'निष्काम' सुचवला. कार्यवाहांना 'निरपेक्ष' हा शब्द अधिक भारदस्त वाटला. चौथ्या सदस्यांनी वर्तमानपत्रातील एक कात्रण दाखवून 'निरलस सेवा' हाच रूढ शब्दप्रयोग असल्याचे सांगितले. शेवटी 'निःस्वार्थ' ठेवायचा तर तो 'निस्वार्थ' लिहावा की 'निःस्वार्थी', यावरही दोन तट पडले.

शब्दांच्या याद्या मी पाहिल्या आहेत. त्यांत हे चारही शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून बसवलेले असतात आणि त्यापुढे काही सांगितलेले नसते. मला त्यांच्यातील साम्य नको आहे, भेद हवा आहे. ज्यांच्यासाठी शब्द शोधतो आहे त्यांच्याविषयी एवढे सांगतो, की हे गृहस्थ रविवारी सुटीच्या दिवशी येऊन फाटकी पुस्तके स्वतः बांधत असत, त्यासाठी लागणारी खळ घरून करून आणत असत आणि वर्गणी थकलेल्या मुलांची वर्गणी परस्पर भरून टाकत असत. अशा माणसाला कोणता शब्द शोभेल?

अनुस्वार

आधी लेखनाचा प्रश्न निकालात काढू, कारण तो सोपा आहे. 'निस्' हा उपसर्ग आणि 'स्वार्थ' हे नाम यांच्या संधीतून 'निःस्वार्थ' होतो. हा तत्सम शब्द असल्याने निःसंशय, निःशंक, निःशब्द यांच्याप्रमाणे येथेही विसर्ग लिहिलाच पाहिजे. यावर कोणी 'निस्पृह' हा शब्द पुढे करील आणि तेथे विसर्गावाचून चालते, मग येथे का चालत नाही, असे विचारील. त्याचे उत्तर संस्कृतच्या एका सवलतीत आहे. विसर्गापुढे श, ष, स यांपैकी एखादे व्यंजन आले आणि त्याला लागून क, त, प यांसारखे कठोर व्यंजन असले, तर विसर्ग विकल्पाने गाळता येतो. 'निःस्पृह'मध्ये स-ला लागून प आहे, म्हणून 'निस्पृह' खपते. 'निःस्वार्थ'मध्ये स-ला लागून व आहे आणि व हे मृदू व्यंजन असल्यामुळे ही सवलत तेथे लागू होत नाही. 'निःस्वार्थी' हे रूप बोलण्यात इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणण्याचा मी आग्रह धरणार नाही, परंतु 'ज्याला स्वार्थ नाही तो' हा अर्थ 'निःस्वार्थ' या समासातच पुरा होत असल्याने शेवटच्या ई-ला तेथे काही काम उरत नाही. निरपराध माणसाला आपण निरपराधी म्हणत नाही, तसेच हे.

आता भेद. 'निरलस' प्रथम बाजूला काढा. निर् अधिक अलस, म्हणजे ज्याच्यात आळस नाही तो. या शब्दाचा स्वार्थाशी काही संबंध नाही. रात्ररात्र जागून खोटे हिशेब खरे करून दाखवणारा मनुष्यही निरलस असू शकतो. 'सेवा' या शब्दाच्या आधी वर्षानुवर्षे छापला गेल्यामुळे त्याला उगाच पावित्र्याचा वास लागला आहे, इतकेच. तुमच्या ग्रंथपालांना तो लागू पडेल, पण तुम्हाला जे सांगायचे आहे ते त्यातून सांगितले जाणार नाही.

'निष्काम' मध्ये निषेध आहे तो कामनेचा. हा शब्द कर्ता आणि त्याच्या कर्माचे फळ यांच्यामधला आहे; त्यात दुसरा माणूस असलाच पाहिजे असे नाही. एकटा बसून जप करणारा मनुष्य निष्काम असू शकेल, मात्र त्याने कोणाची सेवा केली असे होत नाही. गंमत अशी, की आपण 'गीतेतील निष्काम कर्म' असे सहज बोलतो, पण हा जोडशब्द गीतेच्या श्लोकांत नाही. तेथे असक्त, निःस्पृह, फळाचा संग सोडणे अशी शब्दयोजना आहे. 'निष्काम कर्म' हे नाव पुढच्या विवेचनातून रूढ झाले.

'निरपेक्ष' हा शब्द मात्र दोन माणसांमधला आहे. ज्याच्यासाठी केले त्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही, एवढेच तो सांगतो. संस्थेकडून वेतन घेणारा मनुष्य वाचकांशी पूर्ण निरपेक्ष वागू शकतो, त्यामुळे खजिनदारांचा आक्षेप या शब्दाला बाधत नाही. अडचण एकच, की निरपेक्ष सत्य, धर्मनिरपेक्ष राज्य अशा प्रयोगांमुळे या शब्दाला 'कशावरही अवलंबून नसलेला' असा दुसरा अर्थ चिकटला आहे. म्हणून 'निरपेक्ष सेवा' याऐवजी 'निरपेक्ष बुद्धीने केलेली सेवा' असे लिहिलेले बरे.

पैलतीर

वरील प्रतिसादातील व्याकरण मला मान्य आहे, परंतु खजिनदारांच्या आक्षेपाचे मूळ 'निः' मध्ये नसून 'स्वार्थ' या शब्दात आहे आणि त्याकडे कोणी पाहिलेले नाही. वेतन घेतले म्हणजे स्वार्थ झाला आणि स्वार्थ झाला म्हणजे सेवेला उणेपणा आला, हे जे आपण गृहीत धरतो, ते तरी कितपत खरे आहे?

'स्व' म्हणजे आपला आणि 'अर्थ' म्हणजे हेतू, प्रयोजन, आशय. मुळात या शब्दाला दूषण नाही. व्याकरणात 'स्वार्थे' लागणारा प्रत्यय म्हणजे ज्याच्यामुळे शब्दाचा स्वतःचा अर्थ बदलत नाही असा प्रत्यय. 'बाल'चा 'बालक' होतो तो याच रीतीने. न्यायशास्त्रात स्वार्थानुमान आणि परार्थानुमान अशी जोडी आहे. डोंगरावरचा धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे मी मनाशी ताडले, तर ते स्वार्थानुमान. तेच दुसऱ्याला पटवण्यासाठी मी पद्धतशीर मांडून दाखवले, तर ते परार्थानुमान. पहिल्यात कोणी मतलबी ठरत नाही आणि दुसऱ्यात कोणी संत ठरत नाही.

याहून जवळचा दाखला ज्ञानेश्वरीत आहे. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतील 'अद्रोह' या गुणाचे निरूपण करताना ज्ञानदेव गंगेचा दृष्टांत देतात. ती समुद्राकडे निघालेली असते, पण जाता जाता लोकांचे पापताप फेडते आणि काठावरची झाडे पोसते. त्यापाठोपाठ सूर्याचा दृष्टांत येतो आणि मग ही ओवी येते :

किंबहुना दिवसराती । पुढिलांचें सुख उन्नति ।
आणित आणित स्वार्थीं । प्रवेशिजे ॥

रात्रंदिवस दुसऱ्याचे सुख आणि उन्नती घडवीत घडवीत आपल्या स्वार्थात प्रवेश करावा, असा याचा सरळ अर्थ आहे. स्वार्थ टाकावा असे येथे म्हटलेले नाही, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सांगितली आहे. गंगेने समुद्राला जाणे सोडून दिले असते तर काठावरच्या झाडांना पाणी कोठून मिळाले असते?

भर्तृहरीच्या नीतिशतकात तर माणसांची याच मापाने प्रतवारी केली आहे. स्वार्थ टाकून परार्थ साधणारे ते सत्पुरुष. स्वार्थाला धक्का न लावता परार्थासाठी झटणारे ते सामान्य. स्वार्थासाठी परहिताचा नाश करणारे ते मनुष्यरूपी राक्षस. आणि स्वतःचा काही लाभ नसताना परहित बुडवणारे जे, त्यांना काय नाव द्यावे हे आपल्याला कळत नाही, असे कवी म्हणतो. वामन पंडितांनी हे शतक मराठीत आणल्यामुळे जुन्या पिढीला हा श्लोक परिचित असे. पगारी ग्रंथपाल दुसऱ्या प्रतीत सहज बसतात आणि त्यांच्या रविवारच्या कामाचा विचार केला तर पहिल्या प्रतीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतात. अर्थात मानपत्रात 'आपण सामान्य आहात' असे लिहिता येणार नाही, हे मला समजते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. निषेधातून घडवलेल्या या शब्दांचे मराठीत पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. गीतेतील 'निर्मम' म्हणजे ममत्वाच्या पाशातून सुटलेला. आज 'निर्मम चिकित्सा' म्हटले की दयामाया न ठेवता केलेली चिकित्सा डोळ्यांपुढे येते. 'उदासीन' म्हणजे पक्षपात न करणारा; आज उदासीन म्हणजे शासकीय यंत्रणा. 'निराशी' म्हणजे फळाची आशा न धरणारा, आणि त्याचा जवळचा नातलग 'निराश' मात्र आज कपाळाला हात लावून बसलेला दिसतो. आपल्याला काहीच नको असलेला माणूस बघता बघता कशाचेच सोयरसुतक नसलेला माणूस होतो. 'निःस्वार्थ' अजून या वाटेने गेलेला नाही, पण तो कुळाने त्यांच्यातलाच आहे.

सदाशिव१८९०

पैलतीर यांच्या प्रतिसादातील दाखले मोलाचे आहेत, पण त्यांनी स्वार्थाला इतके निर्दोष करून टाकले आहे की सोडण्यासारखे काही उरतच नाही. या ठिकाणी आपण एक शब्द विसरतो आहोत, तो म्हणजे 'स्वार्थत्याग'. 'निःस्वार्थ' म्हणतो की त्या माणसाला स्वार्थ नव्हताच. 'स्वार्थत्याग' म्हणतो की तो होता, इतर सर्वांसारखाच होता, आणि त्याने तो जाणूनबुजून सोडला. माझ्या मते दुसरे विधान अधिक प्रामाणिक आहे.

एकोणिसाव्या शतकातील पुण्याला या शब्दाची किंमत ठाऊक होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली तेव्हा आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवावे अशी कल्पना होती आणि तिच्यापुढे जेझुइट धर्मगुरूंच्या शिस्तीचा आदर्श होता. लक्षात घ्या, येथेही वेतन होतेच. वेतन घ्यावे की न घ्यावे हा वाद नव्हता. आजीव सभासदाने बाहेरची कामे आणि बाहेरची कमाई करावी की नाही, हा वाद होता. टिळकांचे म्हणणे असे, की एकदा आयुष्य वाहिले की वेळ आणि शक्ती संस्थेचीच झाली. इतर सहकाऱ्यांना इतका कडक अर्थ मान्य नव्हता. या मतभेदाच्या पोटात इतरही कारणे होती, परंतु १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले त्यामागे स्वार्थत्यागाची सीमारेषा कोठे आखायची हा प्रश्न होता. ज्यांच्याशी हा वाद झाला त्यांच्यात गोखले होते, आणि त्याच गोखल्यांनी पुढे १९०५ साली आयुष्य वाहून घेणाऱ्या माणसांसाठी भारत सेवक समाज काढला. म्हणजे त्यागाविषयी दोघांच्याही मनात शंका नव्हती, शंका होती ती मापाविषयी. टिळकांनी पुढे गीतारहस्यात 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात स्वार्थ आणि परार्थ यांचा जो खल केला आहे, तो वाचताना मला हा जुना वाद नेहमी आठवतो.

देवघेव यांना एक सूचना आहे. 'स्वार्थत्याग' हा शब्द मला प्रिय असला तरी मानपत्रात तो जपून वापरावा. ग्रंथपालांनी ज्या रविवारांचा त्याग केला, त्यांतला अर्धा हिस्सा त्यांच्या घरच्यांचा होता. त्यांना कोणी विचारले होते की नाही, हे आपल्याला माहीत नाही. पतीच्या त्यागाचा गौरव करताना सौभाग्यवतींना एक नारळ देऊन मोकळे होण्याची आपल्या सभासमारंभांची रीत आहे, ती निदान तुम्ही पाळू नये.

चिपाड

मी शेती करतो, त्यामुळे वरच्या शास्त्रचर्चेत मला भर घालता येणार नाही. पण एवढे सगळे शब्द 'निः' आणि 'निर्' लावूनच का घडवावे लागतात, असा प्रश्न वाचताना पडला. माणसात काय नव्हते तेच आपण सांगत बसतो. काय होते ते सांगणारे शब्द आमच्याकडे भरपूर आहेत.

आमच्याकडे सावड असते. आज मी तुमच्या शेतात राबतो, उद्या तुम्ही माझ्या शेतात. दिवसाला दिवस, मजुरीचा प्रश्न नाही. इर्जिक त्याहून वेगळी. कोणाचे काम अडले की गावकरी आपापले बैल-औत घेऊन एकाच दिवशी त्याच्या रानात उतरतात आणि तो त्यांना जेवू घालतो. सावडीचा हिशेब डोक्यात असतो, इर्जिकीचा तेवढा काटेकोर नसतो, पण जो कधीच कोणाच्या इर्जिकीला गेला नाही त्याच्या रानात कोणी उतरत नाही, हेही खरे आहे. भर्तृहरीची दुसरी प्रत ती हीच असावी. तिच्यावर गावे चालत आली, तेव्हा 'सामान्य' म्हटल्याने तिला कमीपणा येतो असे मला वाटत नाही.

मग 'पदरमोड' आहे. स्वतःच्या पदराची गाठ सोडून दुसऱ्यासाठी खर्च करणे, यापेक्षा नेमका शब्द तुमच्या ग्रंथपालांसाठी कोठे मिळणार? 'झिजणे' आहे, 'खस्ता खाणे' आहे, 'वाहून घेणे' आहे. भाषेला याची दुसरी बाजूही कळते, म्हणून घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला आपण हसतो. आणि ढोंगही कळते, म्हणून दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारा हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतो. 'आपमतलबी' आणि 'आप्पलपोटा' यांच्यात फरक आहे तो तर लहान मुलालाही कळतो. पहिला डाव टाकतो, दुसरा फक्त ताटावर हात आडवा धरतो.

एकच शब्द निवडायचा असेल तर मी 'कळवळा' निवडीन. तुकोबांनी आईच्या चित्ताविषयी म्हटले आहे, 'ऐसी कळवळ्याची जाति । करी लाभाविण प्रीति ॥'. यात 'लाभाविण' नंतर येते, आधी कळवळा येतो. तो असला की लाभाचा विचार आपोआप मागे पडतो, मुद्दाम काढून टाकावा लागत नाही. 'उपकार' मात्र टाळा. तुकोबांच्या काळी तो स्वच्छ शब्द होता, आता 'माझ्यावर उपकार करू नका' असे भांडणातच ऐकू येतो.

अनुस्वार

चिपाड यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. 'परार्थ', 'परहित', 'परोपकार' हे निषेधावाचून घडलेले संस्कृत शब्द आहेतच. ऑगस्ट कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात 'आल्त्रुइझ्म' हा शब्द घडवला, तोही 'दुसरा' या अर्थाच्या शब्दापासून. 'मी नाही' यापासून नव्हे. आपल्याकडे त्यासाठी 'परार्थवाद' किंवा 'परहितवाद' असे शब्द योजतात. फक्त हे शब्द वृत्तीचे वा सिद्धान्ताचे नाव सांगतात. माणसाला विशेषण म्हणून लावताना 'परार्थी' म्हटले तर वाचक अडखळेल आणि 'परोपकारी' म्हटले तर गालातल्या गालात हसेल.

देवघेव

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. दरम्यान मी एक आगळीक केली. मानपत्राचे नाव न काढता ग्रंथपालांनाच विचारले, की रविवारी येऊन पुस्तके का बांधत होता? ते म्हणाले, "घरी करमत नव्हते, आणि फाटके पुस्तक कपाटात तसेच ठेवले की मला रात्री झोप लागत नसे." म्हणजे पैलतीर म्हणतात तसा स्वार्थ होताच, तोही झोपेचा. सदाशिव यांच्या सूचनेप्रमाणे त्यांच्या पत्नीलाही विचारले. खळ त्याच शिजवून देत असत आणि त्यात मोरचूद किती घालायचा याचे प्रमाण ग्रंथपालांना आजही ठाऊक नाही, अशी नवीन माहिती मिळाली. त्यामुळे मानपत्र आता दोघांच्या नावे होणार आहे.

चारही शब्द मी काढून टाकले. वाक्य असे केले : 'फाटलेले प्रत्येक पुस्तक आपण उभयतांनी आपल्या घरच्या खळीने बांधले, वर्गणी थकली म्हणून एकाही मुलाचे नाव कमी होऊ दिले नाही, आणि वाचकांच्या कळवळ्यापोटी केलेली ही पदरमोड संस्थेच्या कोणत्याही वहीत नोंदवली नाही.'

बैठकीत हे वाक्य सर्वांना पसंत पडले. फक्त खजिनदारांनी शेवटच्या शब्दांना हरकत घेतली. वहीत नोंद नसलेली रक्कम जमा कशी झाली, असे लेखापरीक्षक विचारतील, असे त्यांचे म्हणणे. म्हणून तेथे 'संस्थेकडे कधी मागितली नाही' असा बदल केला आहे.

अनुस्वार

बदल योग्य आहे. 'उभयतांनी' मधील 'ता'वर अनुस्वार आहे, तो छापताना बहुधा गळतो. मुद्रिते आली की तेवढे पाहावे.